शिक्षकांचा पगार कोण देतं?

परवा शनिवारी लेकीच्या नर्सरीचा फॉर्म आणायला वाकडमधल्या एका शाळेत गेलो. फीचा कागद बघितला आणि गार पडलो. वर्षाला १,१०,००० रुपये, बस वेगळी! सरकारी कॉलेजात माझी चार वर्षांची फी मिळूनही एवढी झाली नव्हती. "आपल्या वेळी खाजगी शाळा एवढ्या महाग कुठे होत्या?" बायको म्हणाली. मग काय, अख्खा रविवार तेच वाचत बसलो.

खाजगी शाळा आपल्याकडे नव्या नाहीत. चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तेही खाजगीच. पुढे आगरकरही आले. चांगली सरकारी नोकरी मिळाली असती, ती सोडून ही मंडळी तुटपुंज्या पगारावर शिकवत होती. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा शिक्षकांनीच उचलला. हे कायम कसं टिकणार? १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्या वादातही पगार आणि बाहेरची मिळकत हा मुद्दा होताच.

दुसरा मार्ग अनुदानाचा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात तो आला आणि स्वातंत्र्यानंतर चांगलाच पसरला. संस्था खाजगी, पगार सरकारचा. आपले आईबाबा शिकले त्या बऱ्याचशा शाळा याच.

तिसरा मार्ग आपल्या पिंपरीतला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. कारखान्याबरोबर कॉलनी आली, आणि कामगारांच्या पोरांसाठी शाळाही.

आता वाकड, मोशी, चाकणकडे नव्या सोसायट्यांबरोबर नव्या शाळा उभ्या राहतात, त्यातल्या बऱ्याच विनाअनुदानित. २०१२ च्या कायद्याने तर 'स्वयंअर्थसहाय्यित' असा भारदस्त शब्दच दिला. यातला 'स्वयं' कोण? अर्थात आपण पालक!

पण पैसे आपले, तर बोलायचा हक्कही आपला. राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा, लागू झाला २०१४ मध्ये. त्यानुसार शाळेने सुचवलेली फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. हे मला रविवारपर्यंत माहीतच नव्हतं!

असो. प्रवेश तर घेणार आहोत. पण चिठ्ठीत माझं नाव टाकणार, हे नक्की. निघालंच, तर पहिला प्रश्न ठरलाय: या १,१०,००० मधले वर्गावरच्या बाईंना किती मिळतात?