कातडीत टोचलेला बिल्ला

कंबोडियात नॉम पेन्हमधल्या एका शाळेचा ख्मेर रूज राजवटीच्या गुप्त पोलिसांनी तुरुंग केला, एस-२१. तिथे फायलींसाठी हजारो कैद्यांचे फोटो काढले. त्यातला एक पोरगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही: अंगात सदरा नाही, म्हणून नंबराचा बिल्ला थेट कातडीत टोचलाय.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने असे २२ फोटो भिंतीवर लावले. तिथे आपण नेमके मारेकऱ्याच्या कॅमेऱ्यामागे उभे राहतो. २०२१ मध्ये एकाने काही चेहरे रंगवून त्यांवर हसूही चढवलं. कंबोडिया सरकारने निषेध केला.

फोटो झाकावेत असं मी म्हणत नाही. त्याच शाळेतल्या तुओल स्लेंग संग्रहालयात नातेवाइकांनी आपली माणसं या फोटोंवरूनच ओळखली. पण फोटो बाहेर न्यायचा, तर आधी त्या घरच्यांना विचारा.