को-ट्रायमोक्साझोल

को-ट्रायमोक्साझोल हे सल्फामेथॉक्साझोल व ट्रायमेथोप्रिम या दोन घटकांपासून तयार केलेले संयुक्त प्रतिजैविक आहे. सल्फामेथॉक्साझोल हे सल्फा गटातील औषध असल्याने बोलीभाषेत या गोळीस ‘सल्फाची गोळी’ असेही म्हणतात. भारतात ते सेप्ट्रान, बॅक्ट्रिम इत्यादी व्यापारी नावांनी विकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. औषध स्वस्त व परिणामकारक असले तरी काही रुग्णांमध्ये ते गंभीर, क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया घडवू शकते. त्यामुळे ते डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानेच घेणे आवश्यक असते.

रचना व कार्य

दोन्ही घटकांचे गोळीतील प्रमाण ५:१ असते. साध्या गोळीत ४०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल व ८० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असते, तर ‘डीएस’ असे लिहिलेल्या दुप्पट मात्रेच्या गोळीत ही प्रमाणे अनुक्रमे ८०० व १६० मिलिग्रॅम असतात. मुलांसाठीच्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये सामान्यतः २०० व ४० मिलिग्रॅम घटक असतात.

जिवाणूंना वाढीसाठी फॉलिक आम्ल स्वतः तयार करावे लागते. या प्रक्रियेतील दोन लागोपाठच्या टप्प्यांवर हे दोन घटक अडथळा आणतात. माणसाला फॉलिक आम्ल आहारातून मिळत असल्याने त्याच्या पेशींवर सहसा तितका परिणाम होत नाही. मात्र ज्यांच्या शरीरात फॉलिक आम्लाची आधीच कमतरता आहे, त्यांच्यात रक्तपेशींची निर्मिती मंदावू शकते.

इतिहास

सल्फा औषधांचा प्रारंभ जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांच्या प्रॉन्टोसिलवरील संशोधनाने झाला. या कार्यासाठी त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ट्रायमेथोप्रिमच्या विकासाशी संबंधित जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये गर्ट्रूड एलियन व जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही घटकांचे संयुक्त औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले.

महाराष्ट्रात या औषधाचा एक महत्त्वाचा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत न्यूमोनिया झालेल्या बालकांना को-ट्रायमोक्साझोल देण्याची पद्धत राबवली. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आता बालकांच्या न्यूमोनियावर अमॉक्सिसिलिनला प्राधान्य दिले जाते.

उपयोग

मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया, नोकार्डियाचा संसर्ग व काही प्रकारचे त्वचासंसर्ग यांवर हे औषध दिले जाते. एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये प्रतिकारशक्ती खालावलेली असताना संधिसाधू आजार टाळण्यासाठी, तसेच एचआयव्हीबाधित मातांच्या बालकांना सहा आठवड्यांच्या वयापासून ते प्रतिबंधक म्हणून देण्याची पद्धत आहे. सर्दी व फ्लू हे विषाणुजन्य आजार असल्याने त्यांवर त्याचा उपयोग होत नाही. अनेक जिवाणूंमध्ये या औषधाविरुद्ध प्रतिरोध निर्माण झाल्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गातही लघवीची कल्चर तपासणी उपयुक्त ठरते.

सुरक्षित सेवन

प्रौढांना सामान्यतः दर १२ तासांनी डीएसची एक गोळी दिली जाते. दिवसांची संख्या आजारानुसार बदलते. स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गात तीन दिवस पुरतात, तर काही आजारांत अनेक आठवडे लागतात. मूत्रपिंडाची कार्यक्षमता कमी असल्यास मात्रा घटवावी लागते.

* प्रत्येक गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व दिवसभर भरपूर पाणी प्यावे. पाणी कमी पडल्यास औषधाचे स्फटिक लघवीत साचून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असल्यास ही बाब डॉक्टरांना आधीच सांगावी.
* मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी.
* एखादी मात्रा चुकल्यास आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम घेऊ नयेत.
* पातळ औषध बाटली हलवून, सोबतच्या मापानेच द्यावे. घरातील चमच्याचे माप अचूक नसते.
* बरे वाटले तरी ठरलेले दिवस पूर्ण करावेत. मात्र अंगावर पुरळ उठल्यास पुढील मात्रा न घेता तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधावा.

कोणी टाळावे

सल्फा औषधांची किंवा ट्रायमेथोप्रिमची ॲलर्जी असलेल्यांना हे औषध देत नाहीत. फॉलिक आम्लाच्या अभावाने होणारा रक्तक्षय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा तीव्र विकार आणि औषधामुळे पूर्वी प्लेटलेट कमी झाल्याचा इतिहास असल्यासही ते वर्ज्य असते. दोन महिन्यांपेक्षा लहान बालकांना, एचआयव्हीविषयक प्रतिबंधाचा अपवाद वगळता, ते दिले जात नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने व प्रसूतीपूर्वीचे शेवटचे आठवडे यांत ते शक्यतो टाळतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये लाल रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

सल्फा औषधांची ॲलर्जी आणि गंधक, सल्फेट क्षार किंवा खाद्यपदार्थांतील सल्फाइट यांचा त्रास या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. केवळ नावांतील साम्यावरून रुग्णाची सल्फा औषधांच्या ॲलर्जीत नोंद करणे योग्य ठरत नाही.

इतर औषधांशी परस्परक्रिया

वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढतो. मिथोट्रेक्सेटसोबत दिल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या मधुमेहावरील गोळ्यांसोबत रक्तातील साखर एकदम कमी होऊ शकते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः वृद्धांमध्ये, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. त्यामुळे चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

धोक्याची लक्षणे

मळमळ, भूक मंदावणे व सौम्य पुरळ हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम ही दुर्मीळ परंतु प्राणघातक ठरू शकणारी प्रतिक्रिया आहे. ती बहुधा औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उद्भवते. ताप, घसादुखी व डोळे लाल होणे, त्यानंतर तोंड किंवा गुप्तांगात फोड येणे व त्वचा सोलवटणे ही तिची लक्षणे होत. श्वास लागणे, चेहऱ्यावर सूज, डोळे पिवळे होणे, अकारण काळेनिळे डाग, लघवी कमी होणे किंवा न थांबणारे जुलाब आढळल्यासही ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. ज्याला अशी प्रतिक्रिया आली आहे, त्याने औषधाचे नाव लिहून कायम जवळ ठेवावे व पुढील प्रत्येक उपचाराच्या वेळी ते सांगावे.

माणदेशाच्या संदर्भात

सातारा जिल्ह्यातील माण तालुका व सांगली जिल्ह्यातील आटपाडी यांसह माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण प्रदेश आहे. येथे औषधाची मात्रा वेगळी नसते, परंतु सेवनाच्या काही अटी पाळणे कठीण जाते. कडक उन्हात शेतात किंवा मेंढरांमागे दिवसभर फिरणाऱ्याच्या शरीरातील पाणी घामावाटे कमी होते. टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वस्तीत पिण्याचे पाणी जपून वापरले जाते. अशा वेळी औषध घेणाऱ्याच्या वाट्याचे पाणी वेगळे भरून ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो. या औषधामुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होत असल्याने पूर्ण बाह्यांचे कपडे व डोक्यावर पटका किंवा पदर उपयोगी पडतो. गोळ्या पत्र्याच्या तापलेल्या छपराखाली न ठेवता थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

मेंढपाळ, ऊसतोड मजूर आणि सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी परराज्यांत जाणारी कुटुंबे यांचे वास्तव्य सतत बदलते. दीर्घकाळ औषध चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी पुरेसा साठा व उपचारांची कागदपत्रे सोबत घेतल्यास खंड पडत नाही. एचआयव्हीबाधितांना हे औषध शासकीय एआरटी केंद्रांतून विनामूल्य मिळते व ते केव्हा थांबवायचे हे सीडी-४ पेशींच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात.

सल्फा व ट्रायमेथोप्रिम यांची संयुक्त औषधे जनावरांसाठीही वापरली जातात. पशुवैद्यकीय गोळीतील मात्रा जनावराच्या वजनानुसार ठरलेली असल्याने ती माणसाने घेणे धोक्याचे असते. औषध दिलेल्या गाई-शेळ्यांचे दूध किती दिवस वापरू नये, हेही पशुवैद्यकास विचारणे आवश्यक असते.

कायदेशीर स्थिती

भारतात हे औषध शेड्यूल एचमध्ये मोडते व नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ लोकांना कळावा, यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीम सुरू केली. दुष्परिणामांची नोंद २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे करता येते. अशी नोंद डॉक्टरांप्रमाणेच रुग्ण व त्याचे नातेवाईकही करू शकतात.