दारूखाना : किल्ल्यावर साठवलेला वेळ

१/
किल्ल्याची ताकद कशात मोजावी? तटाची उंची, बुरुजांची संख्या, तोफांचा पल्ला ही उत्तरे चटकन सुचतात. सतराव्या शतकातील किल्लेदाराला मात्र आधी वेगळा हिशेब मांडावा लागे : कोठारात दारू किती, शिसे किती, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातील कामाचे किती उरेल. मराठ्यांच्या दारूगोळ्याच्या साठ्याचा हा इतिहास.

२/
आरंभी थोडे रसायन. काळी दारू तीन जिनसांची बनते : सोरा, कोळसा आणि गंधक. प्रमाण साधारणपणे पाऊण हिस्सा सोरा आणि उरलेल्या पाव हिश्श्यात कोळसा व गंधक. बंदुकीच्या गोळीसाठी शिसे लागते ते वेगळेच. म्हणजे एक बार उडण्यासाठी चार जिनसा चार ठिकाणांहून एकत्र याव्या लागत. त्यांपैकी एक जरी अडली, तरी उरलेल्या तिन्ही निरुपयोगी.

३/
यांतील कोळसा सह्याद्रीच्या रानात मुबलक. सोऱ्याचे मूळ तर गावातच सापडते. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे अंथुर्णे किंवा नीरेच्या खोऱ्यातील कोणतेही जुने गाव डोळ्यांसमोर आणावे. गावाच्या जमिनीचे दोन भाग असतात : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या गुरे बांधलेल्या, शेणमूत मुरलेल्या वस्तीच्या मातीत नायट्रेटचे क्षार तयार होतात. जुन्या भिंतींना फुटणाऱ्या लोण्यातही हे क्षार असू शकतात.

४/
अशी माती पाण्यात भिजवायची, पाणी निथळून घ्यायचे, ते आटवायचे आणि थंड होऊ द्यायचे. तळाशी सोऱ्याचे स्फटिक बसतात. पद्धत साधी, पण वेळखाऊ. शिवाय कच्च्या सोऱ्यात मिठासारखे इतर क्षार मिसळलेले असतात, आणि ते हवेतील ओल फार लवकर ओढून घेतात. सोरा जितका अशुद्ध, तितकी दारू लवकर सर्द होणार.

५/
गंधक आणि शिसे यांची गोष्ट निराळी. दख्खनच्या काळ्या कातळात गंधकाचे साठे नाहीत. ते समुद्रमार्गे, विशेषतः इराणच्या आखाताकडून येई. शिसे युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरत, राजापूर अशा बंदरांत उतरे. म्हणजे घाटावरच्या किल्ल्याच्या बचावातला निम्मा भाग बंदरावरच्या वखारवाल्याच्या मर्जीवर अवलंबून होता. साठा करण्याची निकड इथूनच निर्माण होते.

६/
पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. यातला इंदापूरकडचा पूर्व भाग सपाट. डोंगरी किल्ल्यांचा आधार नाही. फौज आली की गावाने गढीच्या आडोशाला जावे किंवा परागंदा व्हावे. स्वराज्याचे दारूगोळ्याचे कोठार पश्चिमेच्या डोंगरांवर उभे राहिले, यामागे हा भूगोलही होता. जिथे शत्रूला वेढा घालून महिनोन्‌महिने बसावे लागते, तिथेच साठ्याला अर्थ येतो.

७/
वेढा म्हणजे दोन कोठारांची शर्यत. आतल्याची दारू आधी संपते की बाहेरच्याची रसद, यावर निकाल ठरतो. आतल्याच्या बाजूने एकच मोठा मित्र असे : सह्याद्रीचा पाऊस. जूनपर्यंत किल्ला टिकला की बहुधा वेढा उठे. त्यामुळे ‘पावसाळ्यापर्यंत पुरेल इतकी’ हे दारूच्या साठ्याचे खरे माप होते.

८/
१६६० साली हे गणित चुकवणारा शत्रू भेटला. २ मार्चला शिवाजीराजे पन्हाळ्यात दाखल झाले आणि आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने किल्ला वेढला. पाऊस सुरू झाला तरी तो हलला नाही. त्यातच राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि इंग्रजी निशाण फडकावत पन्हाळ्यावर मारा झाला. अखेर जुलैच्या मध्यात राजांना रात्रीच्या अंधारात विशाळगडाची वाट धरावी लागली.

९/
या प्रसंगाचा एक अर्थ असा, की दारूगोळा विकणारा तटस्थ नसतो. जो आज आपल्याला विकत नाही, तो उद्या शत्रूला विकू शकतो. १६६१ मध्ये राजांनी राजापूरवर स्वारी केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडले.

१०/
पुढची अनेक वर्षे राजापूरच्या नुकसानभरपाईची बोलणी चालू राहिली. त्या बोलण्यांत मराठ्यांची एक मागणी वारंवार डोकावते : दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध तोफा आणि दारूगोळा द्या. मुंबई १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आली होती. माल देणे तिला अशक्य नव्हते. पण सुरतेचा व्यापार मोगलांच्या अमलाखाली चाले. मोगलांना दुखवायचे नाही आणि शिवाजीराजांनाही तोडायचे नाही, म्हणून इंग्रज गोड बोलून टाळत राहिले.

११/
इंग्रज देत नाहीत, तर फ्रेंच देतात. रॉबर्ट ऑर्मच्या इतिहासात नोंद आहे, की शिवाजीराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ८० तोफा आणि आपल्या साऱ्या बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतले. शिशाचा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवावा. इतिहासाची पुस्तके तोफांची संख्या सांगून पुढे जातात. पण तोफ एकदाच घ्यावी लागते, शिसे दर लढाईला लागते. मिळते आहे तोवर घेऊन ठेवावे, हे या खरेदीमागचे साधे व्यवहारज्ञान.

१२/
हा साठा सरकारनेच का करायचा? ग्रँट डफ लिहितो, की मावळे आणि हेटकरी आपली शस्त्रे स्वतःच्या खर्चाने आणत. दारूगोळा तेवढा सरकारातून मिळे. हेटकरी म्हणजे कोकणातील नामांकित बंदूकधारी. तलवार घरची असू शकते, बंदूकही असू शकते. पण दारू आणि शिशाचा भाव चढला, बंदर बंद झाले, तर एकट्या शिपायाला तो भार पेलणारा नव्हता. राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखान्याच्या जोडीला दारूखाना हे वेगळे खाते होते, त्याचे कारण हेच.

१३/
साठा करणे हे अर्धेच काम. तो पुरवून वापरणे अधिक कठीण. १६७० च्या दशकात चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजीराजांनी पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दाणा आणि गवत बेताने वापरा, आताच उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, मग तुम्ही रयतेला नागवाल, असा इशारा आहे. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल, इथवर बारकाई आहे. पत्र चाऱ्याविषयी असले, तरी साठ्याकडे पाहण्याची शिस्त त्यात स्पष्ट दिसते.

१४/
खुद्द दारूविषयीची शिस्त ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेला हा राजनीतिपर ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. त्यातील सूचनांचा आशय असा : दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. त्याला तळघर असावे आणि जमीन गच्च केलेली असावी. दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी. ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढावेत, उन्हात तापवावेत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. कायम पहारा असावा.

१५/
या सूचनांतला प्रत्येक शब्द अनुभवातून आलेला आहे. धान्य कुजले तर वासाने कळते. सर्द झालेली दारू दिसायला कोरड्या दारूसारखीच असते. ती फसवी आहे हे कळते ते जामगी लावल्यावर, शत्रू तटाशी असताना. दर पंधरवड्याचे ऊन आणि हवालदाराची जातीने हजेरी यासाठी होती. कागदावर शंभर मण आणि प्रत्यक्षात चाळीस मण, अशी फसगत तटापेक्षा आधी किल्ला पाडते.

१६/
दारूचे मोल किती, हे रामसेजच्या वेढ्यात दिसते. १६८२ मध्ये नाशिकजवळच्या या किल्ल्याला मोगलांनी वेढा घातला आणि पुढे काही वर्षे किल्ला झुंजत राहिला. खाफीखान सांगतो, की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी झाडांची खोडे पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्या डागल्या. खोडाची तोफ करता येते. पण दारूऐवजी दुसरे काही भरता येत नाही. रामसेज लढला तो कोठारात दारू शिल्लक होती म्हणून.

१७/
अठराव्या शतकात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. जगातला उत्तम सोरा बिहारमध्ये, पाटण्याच्या आसपास निघे. डच आणि इंग्रज जहाजे तो शंभर वर्षे युरोपला नेत होती. १७५७ मध्ये प्लासी झाली आणि १७५८ मध्ये मीर जाफरकडून इंग्रज कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. इतरांना आता कंपनीच्या परवानगीने आणि कंपनीच्या दराने सोरा घ्यायचा होता. ज्याला दारू विकायची नाही, त्याला नकार देण्याची गरज उरली नाही. भाव वाढवला तरी पुरे.

१८/
याच काळात फ्रान्सही या कोंडीत सापडला. त्याने काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. १७७५ मध्ये फ्रान्सने दारूचे सरकारी खाते नव्याने उभारले आणि त्याच्या कारभाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याला नेमले. देशातल्या देशात सोरा अधिक आणि शुद्ध कसा निघेल, यावर पद्धतशीर काम झाले. काही वर्षांत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला दारू पुरवण्याइतके उत्पादन वाढले. पुरवठा आटल्यावर फ्रान्सने साठ्यापेक्षा निर्मितीवर भर दिला.

१९/
मराठ्यांना हे सुचलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६० च्या दशकात, आंबेगव्हाणला तोफगोळे ओतण्याचा कारखाना निघाला. उत्तरेत महादजी शिंद्यांनी डी बॉइनच्या पलटणींसाठी आग्र्याला मोठा कारखाना उभा केला. तेथे सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओतवून घेई. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवणाऱ्या तोफांमागे ही तयारी होती.

२०/
पण ही निर्मिती विखुरलेली होती आणि तिची किल्ली मोजक्या परक्या कारागिरांच्या हाती होती. ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्रा पडले आणि शिंद्यांच्या तोफखान्याचे माहेरच गेले. त्यानंतर जे हाती होते ते साठा म्हणून. नव्याने भरणारा झरा आटला होता. ज्या आज्ञापत्राने दारू कशी जपावी हे सांगितले, त्यानेच टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये, असेही बजावले होते. राज्यकर्त्यांनी पहिला सल्ला पाळला. दुसरा पाळणे उत्तरोत्तर अवघड होत गेले.

२१/
५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत किल्ल्यामागून किल्ला पडला. १० मे १८१८ रोजी रायगड गेला. तट तेच होते, पाऊसही महिन्याभरावर होता. मात्र वेढ्याचे जुने गणित आता लागू पडेना. बाहेरच्या फौजेचे कोठार मुंबई, कलकत्ता आणि पाटण्यापर्यंत पसरलेले होते. आतल्या फौजेचे कोठार तेवढे एकच, पायाखालचे.

२२/
१८६९ मध्ये इंग्रजांनी त्याच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना काढला. जिंकलेल्या मुलखात नुसते कोठार ठेवून भागत नाही, काडतूस तिथेच बनले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. तो कारखाना आजही चालू आहे. साठ्याचा धोकाही जुनाच आहे : ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली आणि अनेक जवान व अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हे तीनशे वर्षांपूर्वीचे वाक्य अजून कालबाह्य झालेले नाही.

२३/
साठा म्हणजे साठवून ठेवलेला वेळ. पन्हाळ्याला त्याने चार महिने दिले, रामसेजला काही वर्षे. त्या वेळात मदत यावी, तह व्हावा, पाऊस पडावा किंवा नवी दारू तयार व्हावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा करता येते. शेवटचे जमले नाही, तर उत्तम राखलेले कोठारही एक दिवस रिकामे होते. पुढच्या वेळी एखाद्या किल्ल्यावर जाल तेव्हा बालेकिल्ला आणि बुरुज पाहून झाल्यावर वस्तीपासून दूर, जाड भिंतींची, बुटकी, दुर्लक्षित इमारत शोधावी. किल्ला किती दिवस लढणार, हे त्या खोलीत ठरत होते.