क्लाउनफिशची घरगुती पैदास : अंड्यांआधी अन्नाची सोय

खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या हौशी मत्स्यपालकाला एखाद्या सकाळी टाकीतील दगडाच्या आडोशाला केशरी दाण्यांचा दाट थर दिसतो. क्लाउनफिशच्या जोडीने अंडी घातलेली असतात. घरात आनंदीआनंद होतो, छायाचित्रे काढली जातात आणि आठवड्याभराने अंडी फुटून शेकडो पिले पाण्यात तरंगू लागतात. त्यानंतर बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकीत एकही पिलू जिवंत उरत नाही. ती रोगाने मेलेली नसतात; भुकेने मेलेली असतात. त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न त्या वेळी घरात नसते. ते अन्न अंडी दिसल्यावर तयार करायला घेतले, तर बहुधा उशीर झालेला असतो.

क्लाउनफिश हा उष्ण कटिबंधातील प्रवाळ खडकांचा रहिवासी. त्याच्या सुमारे तीस जाती असून त्या सर्व हिंदी आणि प्रशांत महासागरांत आढळतात. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या बेटांभोवतीही यांतील काही जाती आहेत. समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या स्पर्शकांत तो निर्धास्तपणे राहतो. घरगुती पैदाशीसाठी सर्वांत सोयीची जात म्हणजे ऑसेलारिस. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने घरोघरी पोहोचविलेला, केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला मासा तो हाच.

या माशाचे सामाजिक जीवन विलक्षण आहे. प्रत्येक पिलू आधी नर म्हणून वाढते. एका समुद्रफुलातील गटात आकाराने सर्वांत मोठी असते ती मादी, तिच्याखालोखाल मोठा तो तिचा नर. उरलेले मासे लहानच राहतात आणि प्रजननात भाग घेत नाहीत. मादी मेली की तोच नर मादी बनतो आणि खालच्यांपैकी सर्वांत मोठा मासा त्याची जागा घेतो. (‘निमो’च्या कथेत आई गेल्यावर बापाचे काय व्हायला हवे होते, याचा विचार चित्रपटकर्त्यांनी केला नाही हे बरेच झाले.) हौशी पालकाला याचा फायदा असा की, जोडी जमविण्यासाठी नर-मादी ओळखण्याची गरजच नसते. लहान वयाचे, एक थोडा मोठा आणि एक थोडा लहान असे दोन मासे एकत्र ठेवले की मोठा मादी होतो. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या मात्र एकत्र ठेवू नयेत. त्यांतील एकीचा जीव जाण्याची शक्यता असते.

जोडी जमून अंडी मिळायला वर्ष-दीड वर्ष, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. सुमारे ८० ते १०० लिटरची स्वतंत्र टाकी, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता आणि दिवसातून दोन-तीन वेळा सकस आहार एवढ्यावर काम भागते. बारीक चिरलेली कोळंबी, तिसऱ्यांचे मांस आणि चांगले कोरडे खाद्य आलटून पालटून द्यावे. पाण्यासाठी किनाऱ्यावरून घागरी भरून आणण्याचा मोह टाळावा. मुंबईलगतच्या खाड्यांचे पाणी दूषित आहे आणि पावसाळ्यात त्याची क्षारता एकदम उतरते. शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयाचे तयार मीठ मिसळणे खर्चिक असले तरी खात्रीचे. समुद्रफुलाची गरज नाही. मातीची आडवी ठेवलेली कुंडी या माशांना घर म्हणून पुरते, आणि कुंडी उचलून दुसरीकडे नेता येते हा तिचा मोठा गुण आहे.

अंडी घालण्यापूर्वी दोघे मासे कुंडीचा पृष्ठभाग तोंडाने घासून स्वच्छ करू लागतात. मग मादी ओळीने अंडी चिकटवीत जाते आणि नर मागोमाग ती फलित करतो. एका वेळी शंभरापासून पाचशे-सहाशेपर्यंत अंडी असतात. त्यांची राखण मुख्यत्वे नराकडे असते. तो परांनी वारा घालावा तसे पाणी खेळवतो आणि खराब झालेली अंडी खाऊन टाकतो. आरंभी केशरी असलेली अंडी हळूहळू काळपट होतात. शेवटी पिलांचे चंदेरी डोळे बाहेरून चमकताना दिसतात. साधारण सातव्या ते दहाव्या रात्री, दिवे मालवल्यानंतर तासा-दोन तासांत ती फुटतात. जोडी एकदा रुळली की दर पंधरवड्याच्या सुमारास पुन्हा अंडी घालते. म्हणून पहिली खेप हातची गेली तरी हळहळण्याचे कारण नाही. ती खेप सोडून द्यावी आणि तो वेळ रोटिफर वाढविण्यास द्यावा.

रोटिफर म्हणजे मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही लहान असलेला पाण्यातील सूक्ष्म जीव. नुकतेच जन्मलेले पिलू जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असते. समुद्रात त्याला असंख्य सूक्ष्म प्राणी मिळतात. टाकीत ती जागा रोटिफरनेच भरावी लागते. कोरड्या खाद्याची भुकटी, उकडलेल्या अंड्याचा बलक असले उपाय येथे चालत नाहीत. पिलू हालणारे भक्ष्यच टिपते, आणि न खाल्लेली भुकटी पाणी नासवते.

पिलांच्या टाकीत दर मिलिलिटरला पाच ते दहा रोटिफर सतत असावे लागतात. ४० लिटरच्या टाकीत दहाच्या हिशेबाने ही संख्या चार लाखांवर जाते. दहा लिटरच्या बादलीत मिलिलिटरला शंभर या दाटीने वाढविलेले रोटिफर दहा लाख भरतात आणि त्यांतील पाव हिस्सा रोज काढला तरी ते पुन्हा भरून येतात. म्हणजे अशा दोन बादल्या पुरतात. दोन हव्यातच, कारण एक बादली केव्हा नासेल याचा नेम नसतो. रोटिफरना खायला नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवे सूक्ष्म शैवाल लागते. ते जिवंत वाढवावे किंवा त्याचा तयार लगदा थोडा थोडा द्यावा. बादलीत मंद हवा सोडावी आणि रोज बारीक चाळणीने रोटिफर गाळून घ्यावेत. पाण्याला दुर्गंध येऊ लागला की बादली बदलण्याची वेळ झाली असे समजावे. अंडी फुटण्यापूर्वी किमान दोन आठवडे या बादल्या भरात असाव्यात.

फुटण्याच्या संध्याकाळी कुंडी उचलून पिलांच्या टाकीत ठेवतात. या टाकीत पालकांच्याच टाकीतील पाणी असावे. नर तेथे नसल्याने अंड्यांखाली हवेचे बारीक बुडबुडे सोडून पाणी हलते ठेवावे आणि संपूर्ण अंधार करावा. दुसऱ्या दिवसापासून प्रकाश मंद ठेवावा. टाकीच्या बाजू काळ्या कागदाने झाकल्या तर पिले काचेवर आपटत नाहीत. पाण्यात शैवालाची फिकट हिरवी झाक राहू द्यावी, त्यावर रोटिफरही जगतात. या काळात गाळणी यंत्र लावता येत नाही, कारण पिलेच त्यात ओढली जातात. परिणामी अमोनिया साचतो, आणि उपासमारीनंतर पिलांचा दुसरा मोठा शत्रू तोच. रोज बारीक नळीने तळाची घाण ओढून तेवढेच ताजे पाणी थेंबाथेंबाने सोडणे, हे या दिवसांतील कंटाळवाणे पण अटळ काम होय. वीज गेल्यास हवा बंद पडू नये म्हणून बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून नुकत्याच उबविलेल्या आर्टेमियाची पिले थोडी थोडी देता येतात. रोटिफर मात्र त्यानंतरही दोन-तीन दिवस चालू ठेवावेत. आर्टेमिया घाईने दिल्यास लहान पिलांना तो पेलत नाही. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास पिलांचे रूप पालटते. पारदर्शक, सैरभैर पिले तळाकडे आणि काचेकडे वळतात, अंगावर केशरी छटा येते आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. मधला आणि शेपटीजवळचा पट्टा मागाहून येतो. हे पट्टे उमटण्यात थायरॉइड संप्रेरकाचा हात असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. घरी वाढविलेल्या पिलांत अर्धवट किंवा तुटके पट्टे वरचेवर आढळतात. काही व्यापारी अशा माशांना ‘खास’ म्हणून चढ्या भावाने विकतात, ही बाजाराची रीत.

रूपांतर झालेल्या पिलांना स्पंजची गाळणी लावता येते आणि बारीक दाण्याचे कोरडे खाद्यही हळूहळू अंगवळणी पडते. विकण्याजोगा, इंचभर आकार यायला आणखी काही महिने जातात.

अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी क्लाउनफिशची व्यापारी पैदास करून दाखविली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांत तिचे तंत्र बसविले. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची उबवणी होते. टाकीत जन्मलेले मासे कोरड्या खाद्याला सरावलेले असतात आणि प्रवासातही अधिक तगतात. त्यामुळे खरेदी करताना मासा समुद्रातून धरलेला आहे की टाकीत वाढलेला, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. घरी जादा झालेली पिले समुद्रात किंवा खाडीत मात्र कधीही सोडू नयेत. ती शाळेच्या मत्स्यालयाला, ओळखीच्या पालकाला किंवा दुकानाला द्यावीत.