हलायचं नाही!

हल्ली आमच्या संभाजीनगरात लग्न ठरलं की हॉलच्या आधी फोटोग्राफर ठरतो. मग म्हैसमाळचा डोंगर, दौलताबादची वाट, पहाटेचं कोवळं ऊन, आणि "मान जरा वर... आता हलू नका!" हे "हलू नका" आपल्या जिल्ह्याला नवीन नाही बरं का मंडळी. दीडशे वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या डोंगरात असंच कुणी कुणाला तरी सांगितलं असणार.

सांगणारा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मद्रास आर्मीतला हा अधिकारी. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला नेमलं. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्याने वर्षानुवर्षं काम केलं. पुढे त्याच्या हाती कॅमेरा आला. तोही दोन भिंगांचा! त्या जोडफोटोंकडे खास यंत्रातून बघितलं की लेणी खोल, उठावदार दिसायची. त्यांची पुस्तकं १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला निघाली.

त्या काळचा फोटो म्हणजे केवढा खटाटोप! काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हात हे सगळं करायचं. भिंग काही सेकंद उघडं राहायचं. तेवढ्यात झाडाचं पान हललं तर पान पुसट, माणूस हलला तर माणूस पुसट.

गिलच्या बऱ्याच फोटोंत खांबापाशी, पायरीवर कुणीतरी बसलेला किंवा उभा दिसतो. आपलं लक्ष त्याच्याकडे जातं, पण तो तिथे आहे तो खांब किती उंच हे कळावं म्हणून. म्हणजे मोजपट्टीच की! त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे पुस्तकाला सांगावंसं वाटलं नाही.

आणि दुसरीकडे पारो. गिलची सोबतीण, इथल्याच मातीतली. १८५६ मध्ये ती वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे, दगडावर गिलने तिचं नाव कोरून घेतलंय. पण खात्रीने पारोचा म्हणावा असा फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही. ना. धों. महानोरांनी तिच्यावर खंडकाव्य लिहिलं, २०१२ च्या 'अजिंठा' सिनेमात सोनाली कुलकर्णी पारो झाली. आता पारो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोनालीच येते! म्हणजे चेहरा उरला त्यांचं नाव गेलं, आणि नाव उरलं तिचा चेहरा गेला.

गिलच्या चित्रांचंही फारसं बरं झालं नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेली बहुतेक चित्रं १८६६ च्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ मध्ये गेला, भुसावळला त्याची कबर आहे. काचेवर उमटलेली ती अनोळखी माणसं मात्र टिकली.

म्हणून घरातल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं. फोटो हवे तितके काढा, पण मागे नावं लिहा. मोबाईलमधल्या फोटोला मागची बाजू नसते हे खरंय. तरी कुठेतरी लिहाच!