मौनाच्या सभेतला बंडखोर

क्वेकरांच्या प्रार्थनेला मूळ रीतीप्रमाणे ना वेदी लागते, ना धर्मगुरू. माणसे बाकांवर येऊन गप्प बसतात. कुणाला आतून बोलावेसे वाटलेच, तर उठून चार वाक्ये बोलायची नि खाली बसायचे. कधी तासभर एक शब्दही निघत नाही. आपल्या टाळ-मृदंगाच्या मुलखात हे जरा नवलाचेच! केनियासारख्या देशांत आज पाद्री आणि भजने असलेले क्वेकरही पुष्कळ आहेत, पण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने सुरू केलेली वाट मौनाची. प्रत्येकाच्या अंतरंगात ईश्वराचा प्रकाश आहे, मग मध्यस्थ कशाला, असे तो म्हणे. सेवाग्रामला नयी तालीमचे काम केलेल्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या.

पण सर्वांत प्रकाश आहे असे मानणारी ही माणसे गुलाम बाळगत होती. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनकडेही गुलाम होते. १६८८ साली जर्मनटाउनच्या चौघांनी याविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. मासिक सभेने तो तिमाही सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिथे तो बाजूला पडला. या सभांत मतदान नसते. सगळ्यांचा कल जुळेपर्यंत थांबायचे. पद्धत सुंदर खरी, पण गुलामांच्या श्रीमंत मालकांचाही कल त्यात धरला जाई.

अशा सभेत १७३८ साली बर्लिंग्टन गावी बेंजामिन ले उभा राहिला. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड. बार्बाडोस बेटावर राहून त्याने गुलामांचे हाल पाहिले होते. त्याने अंगरखा झटकला. आत सैनिकी पोशाख नि तलवार! हातातल्या पोकळ पुस्तकात लाल फळांच्या रसाची पिशवी लपवलेली होती. तलवार खुपसताच तो ‘रक्ता’सारखा आसपासच्या मंडळींवर उडाला. त्याला उचलून बाहेर नेले आणि समाजानेही त्याच्याशी नाते तोडले. हा गृहस्थ मांस खात नसे, स्वतःचे कपडे स्वतः विणी आणि गुलामांच्या कष्टाची म्हणून साखर वर्ज्य करी.

जॉन वुलमनचा मार्ग अगदी निराळा. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहिले होते. ते त्याला डाचत राहिले. पुढे गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जाऊन तो शांतपणे बोलत बसे आणि त्या घरात ज्यांनी त्याची सेवा केली, त्या गुलामांना निघताना पैसे देई. क्वेकर जिला आत्मिक वाढ म्हणतात, ती मला इथे दिसते : कालपर्यंत चालत होते, ते आज सहन होईनासे होणे. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना सभेच्या कारभारातून दूर केले. १७७६ साली तिने ठरवले, की जो गुलाम सोडणार नाही, तो सभासद राहणार नाही. जर्मनटाउनचा कागद तेव्हा ८८ वर्षांचा झाला होता.

ब्रिटनमधील क्वेकर आजही सभेत ठराविक प्रश्न वाचतात आणि उत्तरे ज्याची त्याने शोधायची असतात. गुलामव्यापारातून झालेल्या अन्यायाची भरपाई करण्याचे त्यांनी २०२२ साली ठरवले. बेंजामिन लेला तर अमेरिकेतील क्वेकरांनी २०१८ साली पुन्हा आपला म्हटले आणि ॲबिंग्टनच्या दफनभूमीत त्याच्या व पत्नी साराच्या नावाचा दगड बसवला. बर्लिंग्टनच्या त्या सभेला तेव्हा २८० वर्षे झाली होती.