सामूहिक नकाशाचा इतिहास : नोंदक्षेत्र आणि परिणामक्षेत्र

१

सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशाचा समास वाचण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकास असते. मोजणी कोणत्या वर्षी झाली, दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, हे तेथे छापलेले असते. आणि ती दुरुस्ती त्या एका पत्रकापुरती आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. बदलाचा काळ समासात आणि बदलाचे क्षेत्र कागदाच्या कडांनी निश्चित झालेले असते. गेल्या वीस वर्षांत मात्र नकाशाचा असा एक प्रकार रूढ झाला आहे की, ज्यास पत्रक नाही, समास नाही आणि अंतिम प्रतही नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी आरंभिलेला ओपनस्ट्रीटमॅप हा त्याचा प्रमुख नमुना होय.

या नकाशात खाते उघडलेली कोणतीही व्यक्ती रस्ता, विहीर, गावाचे नाव किंवा सीमारेषा घालू शकते, बदलू शकते, काढूनही टाकू शकते. काढलेली वस्तू खऱ्या अर्थाने नष्ट होत नाही. ती 'काढली' अशी खूण होऊन मागे राहते. तेव्हा सर्व काही जेथे लिहून ठेवले जाते त्या नकाशाचा इतिहास लिहिणे अगदी सोपे असले पाहिजे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज तपासावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन असे की, बदलाचे जे क्षेत्र यंत्रणेने लिहून ठेवलेले असते ते, आणि त्या बदलाचा परिणाम वस्तुतः ज्या क्षेत्रावर होतो ते, ही दोन भिन्न आहेत. पहिल्यास आपण 'नोंदक्षेत्र' आणि दुसऱ्यास 'परिणामक्षेत्र' म्हणू. पहिल्यावरून दुसरे ठरविणे हे काम यंत्राने केलेले नाही. ते अभ्यासकाने करावयाचे आहे.

२

प्रथम या नोंदीची घडण पाहू. या नकाशातील मूळ घटक तीन : बिंदू, मार्ग आणि संबंध. अक्षांश व रेखांश केवळ बिंदूस असतात. मार्ग म्हणजे बिंदूंची क्रमवार यादी. एका मार्गात जास्तीत जास्त २००० बिंदू येऊ शकतात. संबंध म्हणजे बिंदू, मार्ग व इतर संबंध यांचा समुच्चय. बसचा मार्ग किंवा जिल्ह्याची सीमा ही त्याची उदाहरणे. ही घडण आरंभापासूनची नव्हे. प्रारंभी दोन बिंदूंना जोडणारा 'खंड' हा स्वतंत्र घटक होता आणि मार्ग हा खंडांचा बनलेला असे. ऑक्टोबर २००७ मध्ये खंड रद्द झाले आणि संबंध हा घटक नव्याने आला. नोंदीची परिभाषाच अशी मध्ये बदलली असल्याने, २००७ पूर्वीच्या आणि नंतरच्या बदलांची संख्या एकाच मापाने मोजता येत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

यापेक्षाही महत्त्वाचा टप्पा एप्रिल २००९ चा. तेव्हा प्रत्येक घटकास आवृत्तीक्रमांक देण्यात आला. तत्पूर्वी दोघांनी एकच रस्ता एकाच सुमारास दुरुस्त केला, तर नंतर आलेली दुरुस्ती आधीचीवर गुपचूप बसे. आता जुन्या आवृत्तीवर आधारलेला बदल यंत्रणा स्वीकारीत नाही. त्याच वेळी 'चेंजसेट' ही कल्पना आली. तीस आपण 'बदलसंच' म्हणू. एका व्यक्तीने एका बैठकीत केलेले बदल एका क्रमांकाखाली एकत्र बांधावयाचे आणि त्यास एक टीप जोडावयाची, अशी ती योजना होती. बदलसंच २४ तासांपेक्षा अधिक काळ उघडा राहत नाही आणि तासभर त्यात काही भर न पडल्यास तो आपोआप बंद होतो. एका संचात प्रारंभी ५०,००० बदल चालत. पुढे ही मर्यादा १०,००० वर आणली गेली. २०१४ पासून प्रत्येक संचाखाली इतरांना जाहीर चर्चा करता येऊ लागली.

येथे अभ्यासकाने सावध राहावे असे एक स्थळ आहे. २००९ पूर्वीच्या बदलांनाही आज बदलसंचाचे क्रमांक दिसतात. तेव्हा तर बदलसंच ही वस्तूच अस्तित्वात नव्हती! ते संच नंतर, बदल करणारी व्यक्ती आणि वेळ यांच्या आधारे, यंत्राकडून जुळवून घेतलेले आहेत. म्हणजे ते मूळ साधन नव्हे, ते संपादकाने केलेले पुनर्रचन आहे. २००६ सालच्या एखाद्या संचावरून 'कर्त्याने हे सर्व एका हेतूने केले' असा निष्कर्ष काढणे म्हणजे संपादकाने पाडलेल्या अध्यायांवरून ग्रंथकाराचा मनोदय ठरविण्यासारखे होय.

३

आता क्षेत्राकडे वळू. प्रत्येक बदलसंचाबरोबर यंत्रणा एक चौकट लिहून ठेवते : त्या संचातील बदलांना कवेत घेणारा, सर्वांत दक्षिणेचा व उत्तरेचा अक्षांश आणि सर्वांत पश्चिमेचे व पूर्वेचे रेखांश यांनी बनलेला आयत. हेच नोंदक्षेत्र. एखादा बिंदू सरकविला तर त्याचे जुने आणि नवे अशी दोन्ही स्थाने या आयतात धरली जातात. मोजणी चोख असते. तथापि आयत हा स्वभावतःच भोळा असतो.

समजा, एका व्यक्तीने एकाच संचात पुण्यातील एका विहिरीची जागा दुरुस्त केली आणि लंडनमधील एका दुकानाचे नाव सुधारले. प्रत्यक्ष बदल दोन बिंदूंचा. परंतु नोंदक्षेत्र साधारण १८.५ ते ५१.५ उत्तर अक्षांश आणि शून्याच्या किंचित पश्चिमेपासून ७३.९ पूर्व रेखांशापर्यंत पसरते. मुंबई, कराची, तेहरान, कैरो आणि रोम ही सारी शहरे त्या चौकटीत येतात. कैरोच्या नकाशाचा इतिहास पाहू जाणाऱ्यास हा संच समोर येतो, आणि त्यात कैरोचा मागमूसही नसतो. चौकटींची गणती करून एखाद्या प्रदेशातील नकाशाकार्याचा आलेख काढणारा विद्यार्थी अशा ठिकाणी निश्चितपणे फसेल.

याच्या उलट दोष अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणूनच अधिक घातक. मार्गास स्वतःचे अक्षांश-रेखांश नसतात, हे वर सांगितलेच आहे. रस्त्याच्या वळणावरील एक बिंदू कोणी सरकविला, तर रस्त्याचा आकार बदलतो. पण नवी आवृत्ती मिळते ती बिंदूस, मार्गास नव्हे. मार्गाचा आवृत्तीक्रमांक होता तोच राहतो. त्या मार्गाचा इतिहास उघडून पाहणाऱ्यास वाटते की, या रस्त्यास वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही. आणि नोंदक्षेत्र? ते केवळ सरकलेल्या बिंदूच्या जुन्या-नव्या स्थानांएवढे. त्या बिंदूपासून दोन्ही शेजारच्या बिंदूंपर्यंतचा जो रस्ता बरोबर सरकला तो चौकटीबाहेरच राहतो. पहिल्या उदाहरणात नोंदक्षेत्र परिणामक्षेत्राहून प्रचंड, तर येथे ते त्याहून लहान.

४

भाषेच्या अभ्यासकास तिसरा प्रकार विशेष जवळचा वाटेल, तो म्हणजे नामांतराचा. या नकाशात स्थळाचे रूढ नाव, निरनिराळ्या भाषांतील नावे आणि जुने नाव यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. मराठी नावासाठीही आहे. मोठ्या शहराचे नाव बहुधा एका बिंदूवर लिहिलेले असते. तो रकाना बदलला तर नोंदक्षेत्र एका बिंदूएवढे, म्हणजे शून्य क्षेत्रफळाचे. परिणामक्षेत्र मात्र ते नाव वाचणाऱ्या सर्वांपर्यंत पोहोचते.

ऑगस्ट २०१८ मध्ये याचा कटू प्रत्यय आला. कोणा एकाने न्यूयॉर्क शहराच्या नावाच्या जागी ज्यूद्वेषी शब्द घातला. ओपनस्ट्रीटमॅपवरील स्वयंसेवकांनी तो लवकरच काढून टाकला. परंतु मॅपबॉक्स या कंपनीच्या नकाशात त्या नोंदीची प्रत पोहोचली होती, आणि ३० ऑगस्ट रोजी स्नॅपचॅटसारख्या ॲपांवर लोकांना ते नाव दिसले. मूळ पोथीत दुरुस्ती झाली, पण मधल्या काळात उतरवून घेतलेल्या प्रतीत अपपाठ टिकून राहिला, अशातलाच हा प्रकार. मूळ नोंदवहीत या बदलाचे आयुष्य अल्प आणि क्षेत्र नगण्य आहे. केवळ तीवरून इतिहास लिहिणारा हा प्रसंग तळटीपेतही घेणार नाही.

५

नोंदीतील पोकळ्यांचाही विचार करावयास हवा. या नकाशाचा परवाना १२ सप्टेंबर २०१२ रोजी बदलला. ज्यांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत, किंवा ज्यांचे उत्तरच आले नाही, त्यांचे लेखन ठेवता येईना. म्हणून त्या वर्षी जुलैपासून एका यंत्रलेखकाकरवी ते लेखन काढण्यात आले आणि त्या आवृत्त्या सामान्य वाचकांपासून झाकण्यात आल्या. क्रमांक शिल्लक आहेत, मजकूर दिसत नाही. जुलै २०१२ मध्ये एखाद्या प्रदेशातील रस्ते एकाएकी नाहीसे झालेले दिसले, तर त्याचे कारण भूमीवर शोधू नये. ते कायद्यात आहे. बदल कोणी केला, कोठे केला, यांबरोबरच कोणत्या कारणाने केला हा प्रश्न म्हणूनच सुटा ठेवता येत नाही.

या अडचणी नकाशाकारांच्या ध्यानात आल्या नाहीत, असे मुळीच नाही. मॅट एमस यांनी 'वॉच लिस्ट' नावाच्या उपक्रमात मोठ्या चौकटीऐवजी पृथ्वीचे लहान लहान चौरस कल्पून, बदल प्रत्यक्ष कोणकोणत्या चौरसांत पडला हे दाखविण्याचा प्रयत्न केला. रोलंड ओल्ब्रिख्त यांच्या ओव्हरपास या साधनात दोन क्षणांमधील भेद मागविता येतो. त्यात घटकाचे आधीचे व नंतरचे रूप भूमितीसह मिळते, आणि बिंदू सरकल्यामुळे आकार बदललेला मार्गही सापडतो. तथापि हे उपायही भूमितीचे आहेत. नामांतराचे परिणामक्षेत्र कोणत्याही चौरसात मावत नाही.

६

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्या आवृत्तीची थोरवी केवळ स्वीकृत पाठात नाही. पृष्ठाच्या तळाशी कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे हे दिल्यामुळे संपादकाशी मतभेद करण्याचे साधनच वाचकाच्या हाती येते, यात ती आहे. सामूहिक नकाशाची नोंद ही अशीच पाठभेदांची सामग्री आहे. ती सिद्ध झालेली चिकित्सक आवृत्ती नव्हे. सामग्री विपुल असली की चिकित्सा झालीच, असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावा.

म्हणून या साधनावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, बदलसंचाची चौकट ही केवळ सूची समजावी, पुरावा समजू नये. आतील प्रत्येक घटक उघडून पाहावा. दोन, मार्गाचा इतिहास त्याच्या बिंदूंच्या इतिहासासह वाचावा. तीन, संचाची टीप हे कर्त्याचे निवेदन आहे. त्याने काय केले हे त्यावरून कळेलच असे नाही, काय केले असे त्यास वाटत होते एवढे कळते. जुन्या नकाशाचा समास आपल्यासाठी दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला होता. या नकाशाचा समास ज्याचा त्याने, प्रत्येक प्रश्नापुरता, स्वतःच लिहावयाचा आहे.